शिक्का नसलेले निरोप

"तुम्ही कुलूप लावलंत आणि माझा मुलगा मुका झाला," काकू फोनवर म्हणाल्या. "जमलं तर आत्ताच या."

रागावलेलं गिऱ्हाईक कसं शांत करायचं हे कुलूपवालीला तोंडपाठ होतं. पण काकू रागावलेल्या नव्हत्या. आवाज अगदी सपाट होता. हातातलं काम तसंच टाकून ती निघाली.

कुलूपवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे, धंद्यातल्या लोकांनी ठेवलेलं. लोकांचे मेसेज वाटेत कुणी वाचू नयेत म्हणून त्यांना कुलपं लावून द्यायची, हा तिचा व्यवसाय. तोंडाने फटकळ, पण कामाला चोख. आपलं कुलूप बिघडलं असं कुणी म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. आज मात्र ते बिघडलेलंच निघावं असं तिला रस्ताभर वाटत राहिलं.

काम कालच झालं होतं. घर साधं, दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांचं. काकू, काका, लेक आणि जावई अशी चार माणसं. पाचवा धाकटा, मालवाहू बोटीवर नोकरीला. बोटीवरचं नेट म्हणजे नुसती रडकथा. त्यावर एक जुनाट चॅट अ‍ॅप कसंबसं चालायचं आणि ते काकूंना काही केल्या जमेना. म्हणून मागच्या सुट्टीत धाकट्याने घरात एक छोटी पेटी बसवली. काकूंच्या फोनवर सोपं अ‍ॅप, बोटीवर जुनाट अ‍ॅप आणि मध्ये ही पेटी. इकडचा मेसेज उचलायचा, तिकडे नेऊन टाकायचा. तिकडचा आणून इकडे द्यायचा.

धंद्यात याला ब्रिज म्हणतात. कुलूपवाली गिऱ्हाइकांना सांगायची, हा हमाल आहे समजा. आणि या हमालाची एक खोड आहे. दोन्हीकडच्या गाठी वेगळ्या, त्यामुळे वाटेत गाठोडं सोडून पुन्हा बांधल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही. म्हणजे पेटीपाशी जो बसेल त्याला सगळं वाचता येतं. मनात आणलं तर कुणाच्याही नावाने बोलताही येतं.

शेजारणीने म्हणे काकूंच्या मनात भरवून दिलं होतं की आपले मेसेज मधल्या मध्ये कुणीही वाचतं. म्हणून त्यांनी कुलूपवालीला बोलावलं. जावई कुरकुरला होता, चालतंय ना नीट, मग कशाला हात लावायचा? काका फडताळ पुसत राहिले होते.

तिने कुलूप लावून दिलं. बोटीवरच्या अ‍ॅपवरून जो मेसेज येईल त्यावर पेटीने दारातच शिक्का मारायचा आणि मग तो कुलूपबंद करून काकूंच्या फोनवर द्यायचा. ज्यावर शिक्का नाही, तो काकूंना दाखवायचाच नाही. आणि आज, दुपारी रोज न चुकता येणारा धाकट्याचा मेसेज आलाच नव्हता.

दार काकांनी उघडलं. उंच, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट. पेटी त्यांच्या खोलीतल्या फडताळात, वरच्या फळीवर होती. शेजारी छोटा पडदा आणि कीबोर्ड.

"काका, मला एक खुर्ची लागेल. आणि टॉर्च असला तर बरं होईल."

"खुर्ची आणि टॉर्च. मिळालं," असं म्हणून काका आत गेले.

तिने गोंधळून पाहिलं. टेबलाशी बसलेली लेक किंचित हसली. हॉस्पिटलातल्या पाळीवरून ती नुकतीच आली होती, डोळे ओढलेले होते. तिने सांगितलं की बाबांचं सगळं आयुष्य बंदराच्या वायरलेस खोलीत गेलं. बोटींशी बोलायचं, त्यांचे निरोप घ्यायचे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण भाजी आणायला सांगितली तरी यादी परत म्हणून दाखवतात.

"नियमच होता तो," खुर्ची ठेवत काका म्हणाले. "आधी निरोप परत म्हणून दाखवायचा. मग मिळालं म्हणायचं. समोरचा मिळालं म्हणत नाही तोवर निरोप पोचला असं धरायचं नाही. पाठवतच राहायचं."

"तुम्ही ही पेटी कधी हाताळता का?"

"मी? फक्त धूळ पुसतो."

कुलूपवालीने आपला दुसरा फोन काढला. त्यात बोटीवरचं ते जुनाट अ‍ॅप होतं. जिन्यात जाऊन तिने तिथून काकूंना एक मेसेज टाकला. आतून लगेच टिंग असा आवाज आला. शिक्का व्यवस्थित, कुलूप व्यवस्थित. बाहेरचा मेसेज सुरळीत आत येत होता.

एरवी तिने स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. आज ती जिन्यातच कठड्याला टेकून उभी राहिली. कुलूप ठीक असेल तर धाकटा आज बोललाच नव्हता.

परत येऊन तिने खुर्चीवर चढून पेटीचा पडदा चालू केला. आज दुपारी पेटीने एक मेसेज अडवला होता. धाकट्याच्या नावाचा, पण शिक्का नसलेला. म्हणजे तो दारातून आलाच नव्हता. इथेच, या कीबोर्डवर टाइप झाला होता. मग तिने काकूंचे जाणारे मेसेज पाहिले. पेटीने ते इमानाने बाहेर नेऊन टाकले होते. पण पलीकडे पोचल्याची खूण एकावरही नव्हती. ती मागे मागे जात राहिली. थंडी सुरू झाली तिथपर्यंत खूण नव्हती. त्याच्या आधी सगळे पोचलेले.

कुलपाच्या कामात तिने चोरटे पाहिले होते, संशयी नवरे पाहिले होते. असं काही पाहिलं नव्हतं. घरातलंच कुणीतरी महिनोन् महिने धाकटा होऊन त्याच्या आईशी बोलत होतं. मग धाकटा कुठे होता?

हे कुणाला विचारायचं? जावई गॅलरीत उभा होता, ती आधी त्याच्याकडे गेली. कालपासून तिचा डोळा त्याच्यावरच होता. कॉम्प्युटरची कामं करणारा आणि कुलपाला नको म्हणणारा घरात तो एकटाच होता.

"पेटीचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांनाच. फडताळाच्या आत चिकटवलाय. धाकट्याने जातानाच सगळ्यांना दाखवलं, बंद पडली तर चालू कशी करायची, मेसेज जातोय का ते कसं तपासायचं."

"तपासायचं म्हणजे?"

"त्याच्या नावाने एक मेसेज इथूनच आईच्या फोनवर टाकायचा. गेला तर पेटी ठीक."

"तुम्ही कुलपाला नको का म्हणत होतात?"

तो ओशाळला. या घरात काहीही बिघडलं की त्याच्याच गळ्यात पडतं, असं त्याचं म्हणणं. मध्ये पाइपासाठी रस्ता खणला, केबल तुटली आणि गल्लीचं नेट दिवसभर गेलं. तो तेव्हा आठवडाभर परगावी कामावर. तरी बायकोचे फोनवर फोन, की कंपनीच्या मागे लाग. दुसऱ्या दिवशी नेट आलं तेव्हा कुठे ती गप्प बसली.

लेकीने तेच वेगळ्या तोंडाने सांगितलं. आईच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते, त्यात नेट नाही. ती स्वतः हॉस्पिटलात पाळीवर अडकलेली. आईला मेसेज जाईना, बाबा फोन उचलेनात. जीव नुसता टांगणीला लागला होता. संध्याकाळी धावत घरी आली तर आई आरामात स्वेटर विणत बसलेली.

"भावाशी तुमचं बोलणं होतं का?"

"त्याच्याशी? तो आईलाच लिहितो. माझ्या वाढदिवसालासुद्धा आईमार्फत." ती थांबली. "का हो ताई? काय झालंय?"

कुलूपवालीने उत्तर टाळलं आणि ती काकूंकडे गेली.

काकू पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मांडीवर राखाडी स्वेटर, अर्धा झालेला, बाहीच्या मापावरून अंगाने दांडग्या माणसाचा. शेजारी फोन. त्यांनी काही न विचारता फोन उघडून तिच्या हातात दिला.

"वाचा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाचावंच लागेल ना."

"काकू, धाकट्याचा आवाज शेवटचा कधी ऐकलात?"

"माझ्या ऑपरेशनच्या आधी. बोट बंदराला लागली की फोन करायचा. हल्ली म्हणे बोट लागतच नाही. मग म्हणे फोन पाण्यात पडला." त्यांनी लोकरीचा गुंडा उगाचच फिरवला. "पण मेसेज चुकवला नाही हो कधी. रस्ता खणला त्या दिवशी अख्ख्या गल्लीचं नेट बंद, माझ्या फोनला तर घरच्या वायफायशिवाय दुसरं काही नाही. तरी दुपारी आला. वेळेवर."

हे सांगताना त्या कुलूपवालीकडे टक लावून बघत होत्या. तिने मान खाली घातली आणि वाचायला लागली.

थंडीच्या आधीचा धाकटा एक नंबरचा वांड होता. आईला म्हातारे म्हणायचा. तिने पाच गोष्टी विचाराव्यात, त्याने एकीचंही उत्तर देऊ नये. औषध घेतलंस का विचारलं की बोटीवरचा आचारी कसा मीठ विसरतो ते सांगायचा. वाचता वाचता कुलूपवालीला हसू आलं.

थंडीनंतरचा धाकटा शहाणा झाला होता. काकूंनी लिहिलेलं, सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय, टाके दाखवायचेत, आणि तुला स्वेटर निळा हवा की राखाडी? त्याचं उत्तर होतं: सोमवारी डॉक्टर. टाके दाखवणे. स्वेटर निळा किंवा राखाडी. मिळालं. आई, राखाडी चालेल. जपून जिना उतर.

तिने फोन पलंगावर ठेवला. आता तिला सगळं कळलं होतं आणि कळलं नसतं तर बरं, असं झालं होतं.

"काकू, मी आधी काकांशी एकटीने बोलू का?"

"नको. सगळ्यांसमोर सांगा. या घरात कोपऱ्यात बोलणं खूप झालं."

सगळे जेवणाच्या टेबलाशी बसले. काका टोकाच्या खुर्चीवर, ताठ. कुलूपवाली उभीच राहिली. एरवी तिच्या तोंडाला लगाम नसायचा, पण आज सुरुवात कुठून करावी ते तिला सुचेना.

"कुलूप बिघडलेलं नाही," ती शेवटी म्हणाली. "मी बाहेरून मेसेज पाठवून पाहिला, तो आला. कुलूप एकाच प्रकारचा मेसेज अडवतं, पेटीपाशी बसून हाताने लिहिलेला. आज तसा एक अडवलाय. धाकट्याच्या नावाचा."

जावयाने चमकून बायकोकडे पाहिलं आणि बायकोने त्याच्याकडे.

"पहिल्यांदा मला तुमचा संशय आला," तिने जावयाला सांगून टाकलं. "पण रस्ता खणला त्या दिवसाचं काय? नेट नव्हतं, तर बोटीवरून काहीच येणं शक्य नव्हतं. काकूंच्या फोनवर मात्र मेसेज आला. पेटी घरात, फोन घरात, दोन्ही घरच्याच वायफायवर. तेवढ्याला बाहेरचं नेट लागत नाही. म्हणजे त्या दुपारी लिहिणारा माणूस घरात होता. तुम्ही परगावी होतात, ताई हॉस्पिटलात. घरात दोघंच होती. एक स्वेटर विणत होतं."

कुणीही काकांकडे बघितलं नाही. काका टेबलावरच्या डागाकडे बघत होते.

"तरी मला खात्री करायची होती. म्हणून मेसेज वाचले. पूर्वीचा धाकटा कशाचंच नीट उत्तर देत नाही. हल्लीचा आधी आईचं सगळं म्हणणं परत म्हणून दाखवतो, मिळालं म्हणतो आणि मग उत्तर देतो. काका, मघाशी मी तुमच्याकडे खुर्ची आणि टॉर्च मागितला, तेव्हा तुम्ही मला अगदी तसंच उत्तर दिलंत."

"बाबा?" लेक म्हणाली.

काकांनी चष्मा काढला. तो पुसायला रुमाल शोधला, सापडला नाही, मग चष्मा तसाच हातात धरून बसले.

"ती ऑपरेशनच्या टेबलावर होती," ते म्हणाले. "बाहेरच्या बाकावर मी बसलो होतो, तेव्हा कप्तानाचा फोन आला. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते की हिला कसलाही धक्का बसता कामा नये. शुद्धीवर आली आणि पहिलं विचारलं, धाकट्याचा मेसेज आला का? मी म्हटलं, फोन घरी राहिलाय, आणतो. घरी आलो आणि लिहिला. म्हटलं टाके सुकेपर्यंत लिहू. टाके सुकले. मग म्हटलं थोडी चालायला लागू दे. चालायला लागली. रोज मला वाचून दाखवायची. बघा हो, काय म्हणतोय. मी कुठे थांबायला हवं होतं?"

लेक तोंडात पदर कोंबून रडायला लागली. जावयाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच अवघडून उभा राहिला.

कुलूपवालीला वाटलं आपण जमिनीत गडप व्हावं. तिने कालच्या कामाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. इतकं चोख कुलूप लावायची गरज काय होती? "काकू, मला माफ करा," ती म्हणाली. "मला माहीत असतं तर मी हे कुलूप लावलं नसतं."

"मी लावायला सांगितलं म्हणून तुम्ही लावलंत." काकूंचे डोळे कोरडे होते. "शेजारीण वगैरे काही नाही. काम काय असतं ते मीच विचारून घेतलं होतं. बाहेरून आलेला मेसेजच आत येईल ना, हे तुम्हाला मी दोनदा विचारलं होतं. आठवतं?"

कुलूपवालीला आठवलं.

"मला कळायला हवं होतं," काकू म्हणाल्या. "मी त्याला लहानाचा मोठा केला. माझ्या एका प्रश्नाला त्याने कधी सरळ उत्तर दिलं नाही. आणि आता अचानक जिना जपून उतर म्हणायला लागला? मला म्हातारे म्हणेना. पहिल्याच महिन्यात मनात पाल चुकचुकली. पण दुपार झाली की फोन वाजायचा आणि मी गप्प बसायचे. मलाही ते हवंच होतं." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोलला असतात. ते मला बघवलं नसतं हो. म्हणून कुलूप लावलं. आज दुपारी फोन वाजला नाही, तेव्हाच समजले."

काका ओंजळीत तोंड झाकून बसले होते. काकू उठल्या, टेबलाला धरून धरून त्यांच्यापाशी गेल्या आणि शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"आता मला नीट सांगा," त्या म्हणाल्या. "बंदरावर सांगायचात तसं. एकेक करून."

"तुझ्या छातीला..."

"माझ्या छातीचं मी बघते. सांगा."

काकांनी चष्मा लावला. पाठ सरळ केली. दोन्ही हात टेबलावर ठेवले. आणि मग त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो कुलूपवालीने आधी ऐकला नव्हता. हळू, स्पष्ट, शब्दाशब्दात अंतर ठेवून. पलीकडच्याला खरखरीतूनही ऐकू जावं असा.

"पहाटेची पाळी. वारा जोराचा, लाट मोठी. मागच्या डेकवर दोर सुटला होता. धाकटा बांधायला गेला. अंगात जॅकेट होतं. लाट आली, तो समुद्रात पडला. बोट वळवली. दिवे टाकून शोधलं. आणखी दोन बोटी मदतीला आल्या. अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशीही शोधलं. सापडला नाही. शोध थांबवला."

काका थांबले. मग म्हणाले, "कप्तानाला मी हे सगळं परत म्हणून दाखवलं. शेवटचा शब्द तेवढा म्हणालो नाही. नुसता फोन ठेवला."

काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. डोळे मिटले. इतक्या वर्षांच्या संसारात ऐकून ऐकून त्यांना ती रीत पाठ झाली होती.

"पहाटेची पाळी," त्या म्हणाल्या. "वारा जोराचा, लाट मोठी. मागच्या डेकवर दोर सुटला. धाकटा बांधायला गेला. अंगात जॅकेट होतं." इथे त्या थांबल्या. लेक पुढे झाली, पण त्यांनी हातानेच तिला थांबवलं. "लाट आली. समुद्रात पडला. बोट वळवली. दिवे टाकून शोधलं. दोन बोटी आल्या. दुसऱ्या दिवशीही शोधलं. सापडला नाही. शोध थांबवला."

आत फडताळात पेटीचा छोटा पंखा फिरत होता, तेवढाच आवाज येत होता.

"मिळालं," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी डोळे उघडले आणि नवऱ्याकडे बघत वाट पाहत राहिल्या. काकांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. काकूंनी हात सोडला नाही. दुसऱ्यांदा मात्र तो शब्द सगळ्यांना ऐकू आला.

"मिळालं," काका म्हणाले.